कीर्द, खतावणी आणि खिशातील यंत्र

व्यापार भांडवलावर चालतो, त्याहून अधिक तो दिलेल्या शब्दावर चालतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु शब्द पाळावयाचा तर तो प्रथम स्मरणात राहावा लागतो. रुपयांचा हिशेब आपण पैशापैशाने लिहून ठेवतो; शब्दांचा हिशेब मात्र डोक्यावर सोपवितो. त्याचा परिणाम आम्हांस कसा भोगावा लागला, ते आरंभीच सांगतो.

आमच्या पेढीची स्मरणशक्ती म्हणजे आमचे थोरले बंधू. कोणास कोणत्या भावाने किती पोती द्यावयाची, कोणाचा माल गुदामात किती दिवस ठेवावयाचा, हे सारे त्यांस मुखोद्गत असे. २०२१ साली ते निवर्तले. त्यानंतर काही दिवसांनी गोविंदपुऱ्यातील एक गिरणीवाले, आमचे जुने गिऱ्हाईक, पेढीवर आले व म्हणाले, "भाऊंनी वीस क्विंटल शरबती गहू जुन्या भावाने देण्याचे कबूल केले होते." तोवर भाव क्विंटलमागे १५० रुपयांनी चढला होता आणि वहीत कोठेही नोंद नव्हती. आम्ही त्यांस विचारले, "काही लेखी आहे काय?" ते काही न बोलता चालू भावाने माल घेऊन गेले.

दिवाळीच्या साफसफाईत बंधूंच्या जुन्या पंचांगात एक चिठ्ठी सापडली. तीवर गिरणीवाल्यांचे नाव, २० क्विंटल आणि जुना भाव, इतकेच लिहिलेले होते. त्याच सायंकाळी आम्ही ३,००० रुपये घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पैसे घेतले, चहा पाजला. पण पुन्हा आमच्या पेढीची पायरी ते चढले नाहीत. पैशांची भरपाई झाली. 'लेखी आहे काय' या प्रश्नाची मात्र झाली नाही.

पुढे चिरंजीवांनी आमच्या हाती मोबाइल दिला आणि टिपणे ठेवण्याची दोन-तीन ॲप्स त्यात घालून दिली. आम्हांस वाटले, आता चिंता मिटली. प्रत्यक्षात महिन्याभरातच अधिक गोंधळ झाला. काही निरोप व्हॉट्सॲपच्या गटांत, काही चिठ्ठ्यांची छायाचित्रे, काही ध्वनिमुद्रणे, काही जुन्या डायरीत. पूर्वी एक चिठ्ठी हरवत असे. आता शंभर हरवू लागल्या. यंत्र लिहून ठेवते, पण कोठे लिहावे व पुन्हा केव्हा पाहावे, हे ते आपणहून ठरवीत नाही. ती रीत आपणच घालून द्यावी लागते.

विचार करता आढळले की ही रीत आपल्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. आपले वडीलधारे प्रथम कच्च्या टाचणात नोंद करीत, सायंकाळी ती तारीखवार कीर्दीत उतरवीत आणि कीर्दीवरून नावनिशीवार खतावणी करीत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीत लिहिलेल्या रोजकीर्दी आजही जतन केलेल्या आहेत. एवढ्या मोठ्या राज्याचा जमाखर्चही रोजच्या रोज लिहिण्याच्या या शिस्तीवर चालत होता. इटलीतील लुका पाचोली या धर्मोपदेशकाने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या गणिताच्या ग्रंथात व्यापाऱ्यासाठी अशाच तीन वह्या सांगितल्या आहेत: घडेल ते तत्काळ टिपण्याची पहिली, तारीखवार दुसरी व खातेवार तिसरी. पहिल्या वहीत घरातील लिहिता येणाऱ्या कोणीही नोंद करावी, असेही तो म्हणतो. रुपयांसाठी असलेली ही रीत आम्ही कामांस व वचनांस लावली. ती येणेप्रमाणे:

पहिले, टाचण. जे काही मनात येईल किंवा कानावर पडेल ते एकाच ठिकाणी पडावे. व्हॉट्सॲपने २०२२ साली स्वतःलाच संदेश धाडण्याची सोय केली, ती आम्ही यासाठी वापरतो. कोणी गूगल कीप वापरील. ठिकाण कोणतेही असो, पण एकच असावे. टंकलेखनाचा कंटाळा असल्यास बोलून लिहविता येते. गूगलने २०१७ सालापासून मराठी बोलणे अक्षरांत उतरविण्याची सोय दिली आहे. मंडीच्या गलबल्यात शब्द चुकतात, यास्तव आकडा मात्र हातानेच लिहावा.

दुसरे, कीर्द. दुकान वाढविण्यापूर्वी पंधरा मिनिटे बसून दिवसभराच्या टाचणाचा निकाल लावावा. ज्या कामास ठराविक दिवस आहे ते कॅलेंडरमध्ये जावे. उदाहरणार्थ, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांस जीएसटीच्या ११ व २० या तारखा. २०२४ च्या एप्रिलपासून गव्हाचा साठा दर शुक्रवारी सरकारी पोर्टलवर कळविण्याचा दंडक लागू झाला, तेव्हापासून आमच्या कॅलेंडरात शुक्रवारची घंटा आली. ज्यास दिवस नाही पण काम आहे, ते कार्यसूचीत जावे. तेथे 'गुदाम' असे मोघम न लिहिता 'गुदामातील हरभऱ्यास कीड आहे काय ते पाहणे' असे करावयाच्या क्रियेसह लिहावे. केवळ माहिती असेल ती संबंधित खात्यात जावी आणि निरुपयोगी असेल ते पुसून टाकावे. सायंकाळी प्रतिक्रमणात आपण दिवसाच्या आचरणाचा आढावा घेतो. तसाच हा व्यवहाराचा आढावा समजावा.

तिसरे, खतावणी. प्रत्येक गिऱ्हाइकाचे, दलालाचे व घरातील विषयाचे एकेक पान असावे. छायाचित्रास वा कागदास नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, जसे २०२५-०३-१४. असे केल्याने यंत्र ते आपोआप तारखेच्या क्रमाने लावते. गिरणीवाल्यांच्या नावाचे पान आम्ही सर्वांत आधी उघडले.

चौथे, ताळा. दर रविवारी अर्धा तास सर्व याद्या वाचाव्यात. आमचे शेजारी येथील हेवी इलेक्ट्रिकल्समधून अभियंता म्हणून निवृत्त झाले. १९५६ साली स्थापन झालेल्या त्या कंपनीच्या कारखान्याभोवती आपला गोविंदपुरा वाढला, हे सर्व जाणतातच. ते आम्हांस म्हणाले, "कारखान्यात कामाबरोबर कामाचा कागदही फिरतो. कागद जेथे थांबला तेथे काम थांबले, हे पाहताक्षणी कळते." तेव्हापासून दुसऱ्याकडे अडलेल्या कामांची आम्ही निराळी यादी ठेवितो. कोणाकडून काय यावयाचे, हे विसरणेही तितकेच नुकसानीचे असते.

काही सावधगिरी अवश्य पाळावी. बँकेचा गुप्त क्रमांक किंवा ओटीपी टिपणांत कदापि लिहू नये. मोबाइलला कुलूप असावे आणि टिपणांची प्रत दुसऱ्या एका ठिकाणीही असावी, कारण यंत्र हरवते, पाण्यात पडते. तसेच ही टिपणे म्हणजे कायद्याच्या वह्या नव्हेत. जीएसटीच्या नियमाप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावयाची पुस्तके वेगळी व रीतसर ठेवलीच पाहिजेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या बंधूंनी टिपले नव्हते असे नाही. त्यांनी टिपले होते, पण ते टिपण दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हते. एकाच माणसास उलगडणारी नोंद त्या माणसाबरोबरच जाते. म्हणून आमची वचनांची यादी आता चिरंजीव व सूनबाई यांच्या मोबाइलवरही उघडते. आरंभी आम्हांस याचा संकोच वाटला; घरच्या धाकट्यांनी आपली विसरलेली कामे पाहावीत, हे कोणास रुचेल? परंतु सूनबाईंनी एकदा आमचाच एक राहिलेला निरोप वेळेवर पोहोचविला, तेव्हा तो संकोच गेला.

वाचकबंधूंनी व भगिनींनी हे सारे एकदम आरंभू नये. आज केवळ एक करावे: ज्यांस आपण तोंडी शब्द दिला आहे आणि तो कोठेही लिहिलेला नाही, अशांची नावे आठवून एका ठिकाणी लिहावीत व ती घरातील एका तरी माणसास दाखवावीत. येत्या दिवाळीस वहीपूजन होईल तेव्हा रुपयांच्या वहीशेजारी ही यादीही असावी. तिच्यातील रकमा कदाचित लहान असतील. पण तिच्यातील येणेकरी आपल्या दाराशी कागद घेऊन येत नाहीत, केवळ विश्वास घेऊन येतात.