माशीमाराचा गळा केव्हा लाल असतो?

दसऱ्याच्या आगेमागे शाळेजवळच्या आमराईत किंवा एखाद्या वडाच्या दाट सावलीत 'टिक्-टिक्' आणि मग कोरडे 'टर्रर्र' असे ऐकू येऊ लागते. आवाज करणारा पक्षी चिमणीपेक्षा लहान असतो. लांबी जेमतेम १२ सेंटिमीटर, वजन १० ग्रॅमच्या आसपास. हा लाल छातीचा माशीमार. त्याची वीण पूर्व युरोप आणि रशियाच्या जंगलांत होते. तिकडचे कितीतरी कीटकभक्षी पक्षी हिवाळ्यात आफ्रिका गाठतात. हा मात्र आग्नेयेची वाट धरून आपल्याकडे येतो आणि साधारण एप्रिलपर्यंत राहतो.

नावामुळे मुले लाल छाती शोधू लागतात, आणि तिथेच फसतात. तो रंग, खरे तर नारिंगी, फक्त प्रौढ नराच्या गळ्यावर व छातीच्या वरच्या भागावर असतो. मादी वरून तपकिरी, खालून मळकट पांढरी. पहिल्या हिवाळ्यातले नरही तसेच दिसतात. म्हणून लाल गळा नाही तर 'मादी' असे वहीत लिहू देऊ नये; 'मादी किंवा तरुण नर' एवढेच लिहावे. भरवशाची खूण शेपटीत आहे. काळपट शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग असतात. पक्षी फांदीवर बसल्या बसल्या शेपटी झटकन वर उचलतो, तेव्हा ते चमकून जातात. दुर्बीण नसली तरी चालते. झाडाखाली अर्धा तास गप्प बसण्याची तयारी मात्र हवी.

इथपर्यंत सोपे आहे. पण अगदी असाच दिसणारा टैगा माशीमार सायबेरियातून येतो. जुन्या पुस्तकांत तो लाल छातीच्या माशीमाराची उपजात म्हणून आढळेल. आता ती स्वतंत्र जात मानतात. तो मुख्यतः पूर्व भारतात व आग्नेय आशियात उतरतो, तेव्हा विदर्भातल्या शिक्षकांनी अधिक डोळसपणे पाहावे. टैगाची चोच जवळजवळ पूर्ण काळी, तर आपल्या पाहुण्याच्या खालच्या चोचीचे बूड फिकट असते. टैगाच्या शेपटीवर वरून येणारी पिसे शेपटीइतकीच गडद काळी असतात. आणखी एक गंमत म्हणजे टैगाचा नर विणीनंतर गळ्याचा रंग टाकून देतो आणि वसंतात पुन्हा मिळवतो; आपल्याकडच्या प्रौढ नराचा गळा भर हिवाळ्यातही नारिंगीच राहतो. नोव्हेंबरात दिसलेला नारिंगी गळा त्यामुळे मार्चमधल्यापेक्षा अधिक काही सांगतो.

एवढा कीस काढायचे कारण आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल ९४२ जातींचा आढावा घेतो, आणि तो सुमारे ३०,००० हौशी निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. तुमच्या वर्गाची वहीही अशा कामात जमा होऊ शकते. पहिल्यांदा दिसल्याची तारीख, झाड, गळ्याचा रंग, चोचीचे बूड आणि शेवटच्या दर्शनाची तारीख लिहावी. न दिसलेल्या खुणेपुढे 'दिसली नाही' असेच लिहावे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नये.