कादंबरीशी इमान म्हणजे काय?

कादंबरीवरून काढलेला चित्रपट पाहिला, की तुम्ही चटकन म्हणता, "छे, पुस्तकातलं सगळं बदललं!" पण बदललं ते काय, हे पाहायला हवे.

एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी पुस्तकरूपाने १८९८ साली निघाली. तीत मंगळावरचे जीव तीन पायांच्या यंत्रांतून इंग्लंडवर चालून येतात. १९५३ च्या चित्रपटात इंग्लंडच्या जागी कॅलिफोर्निया आला, यंत्रे तरंगू लागली, अणुबाँब पडला नि फुकट गेला. याबद्दल तक्रार नको. काळ बदलला, तसे भीतीचे रूपही बदलले. शेवट तर मूळचाच: मंगळवासी सूक्ष्म जंतूंनी मरतात.

मग गेले काय? वेल्स यांनी आरंभीच टास्मानियाची आठवण दिली होती. युरोपीय वसाहतवाल्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांचा संहार केला. आता मंगळवासी तसेच वागले, तर आपण कोणत्या तोंडाने ओरडायचे? हा प्रश्न चित्रपटातून गळला.

दिग्दर्शकाने गाव बदलावे, यंत्रे बदलावीत. फक्त एवढे तपासा: पुस्तकाने मनाला लावलेली टोचणी पडद्यावरही टोचते का?