श्वेतपुच्छ हरणाचा आकार

उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत जी हरणे आढळतात, त्यांत पांढऱ्या शेपटीचे हरीण लोकांच्या सर्वांत अधिक परिचयाचे आहे. भय वाटताच ते आपली शेपटी निशाणासारखी उभारते आणि तिची खालची शुभ्र बाजू झुडपांतून चमकून जाते. यावरूनच त्यास श्वेतपुच्छ हे नाव पडले. कॅनडाच्या दक्षिण भागापासून थेट दक्षिण अमेरिकेतील पेरू व बोलिव्हियापर्यंत त्याची वस्ती पसरलेली आहे. इतक्या विस्तीर्ण मुलखात ते सर्वत्र सारख्याच आकाराचे असेल, अशी कोणाची कल्पना असल्यास ती फार काळ टिकत नाही.

१९२६ साली मिनेसोटा राज्यात एका शिकाऱ्याने मारलेल्या नराचे वजन, आतडी वगैरे काढून टाकल्यानंतरही, ४०२ पौंड म्हणजे सुमारे १८२ किलो भरले. जिवंतपणी ते ५११ पौंडांच्या, अर्थात २३२ किलोंच्या आसपास असावे, असा अंदाज बांधण्यात आला. याउलट फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी समुद्रात बेटांची जी माळ आहे, तेथील पूर्ण वाढलेला नर अवघा २५ ते ३५ किलोंचा असतो. खांद्याशी त्याची उंची फार तर पाऊण मीटर, आणि नुकते जन्मलेले पाडस दोन किलोंहूनही हलके. मिनेसोटाचा तो नर आणि हा बेटावरचा नर शेजारी उभे केले, तर पाहणारा त्यांना निरनिराळे प्राणीच समजेल. वास्तविक दोघांची जात एकच आहे.

असे का व्हावे? याचे एक उत्तर कार्ल बर्गमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली मांडले. उष्ण रक्ताच्या प्राण्यांत थंड प्रदेशातील प्राणी सामान्यतः आकाराने मोठे असतात, असे त्याच्या ध्यानात आले. याचे कारण स्वयंपाकघरातही पाहावयास मिळते. वाटीत वाढलेले वरण हां हां म्हणता निवते. मोठ्या पातेल्यातले मात्र बराच वेळ ऊन राहते. उष्णता पृष्ठभागावरून बाहेर जाते, आणि वस्तू जसजशी मोठी होते तसतसा तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो. एक हात बाजूच्या घनाचे आकारमान १ व पृष्ठभाग ६. दोन हात बाजूच्या घनाचे आकारमान ८, परंतु पृष्ठभाग केवळ २४. म्हणजे दुसऱ्यात दर एक भागामागे तीनच भाग पृष्ठभाग येतो. हरणाचे शरीर घनासारखे नसले, तरी हिशेब तोच. शिवाय मोठ्या अंगावर चरबीचा साठाही अधिक राहतो. उत्तरेकडे महिनोन्‌महिने बर्फ पडलेले असते व चारा दुर्मीळ होतो, तेव्हा हा साठाच हरणास वसंतापर्यंत पोहोचवितो. दक्षिणेकडे प्रश्न नेमका उलट असतो. तेथे अंगातील उष्णता बाहेर टाकावयाची असते, आणि त्या कामी लहान शरीर सोयीचे पडते.

एवढ्याने कोडे सुटले, असे पुष्कळ शिकाऱ्यांस वाटते. परंतु हा नियम जितका सोपा आहे तितका पुरेसा नाही. टेक्सास राज्यात एडवर्ड्‌स पठार म्हणून चुनखडीचा खडकाळ प्रदेश आहे. तेथील हरणे लहानखुरी असतात. त्याच्याही दक्षिणेस, अधिक उष्ण अशा काटेरी झुडपांच्या प्रदेशात मात्र त्यांच्याहून भारी हरणे सापडतात. बर्गमानच्या नियमाप्रमाणे हे उलट व्हावयास हवे होते! मिसिसिपी राज्यातही हाच प्रकार. नदीच्या गाळाने बनलेल्या सुपीक भूमीवरील हरीण किनाऱ्यालगतच्या पाइन वृक्षांच्या निकृष्ट जमिनीवरील हरणापेक्षा ठळकपणे मोठे असते. हवामानात मात्र एवढा फरक नाही. म्हणजे अक्षांशाखेरीज जमिनीचाही विचार करावा लागतो. जमिनीत जे असेल ते पाल्यात उतरते, आणि पाल्यात असेल ते हरणाच्या हाडामांसात.

शिकाऱ्यांमध्ये मात्र निराळाच समज फार काळ रूढ होता. आपल्या रानातली हरणे लहान दिसली की त्यांचे रक्तच हलके, असे ते म्हणत. बाहेरचा धिप्पाड नर आणून सोडला म्हणजे वंश सुधारेल, ही त्यांची आशा. या समजाची परीक्षा मिसिसिपी राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी केली. त्यांनी सुपीक आणि निकस अशा दोन्ही प्रकारच्या भागांतून हरणे धरून आणली व त्यांच्या संततीस एकसारखाच उत्तम आहार दिला. निकस भागातील माद्यांच्या पिलांना पोटभर पौष्टिक चारा मिळूनही ती लहानच राहिली. येथे प्रयोग थांबला असता, तर रक्ताचा सिद्धान्त खरा ठरला असता. परंतु संशोधकांनी आणखी एक पिढी वाट पाहिली. त्या पिलांची पिले वाढली तेव्हा पूर्वीचा फरक पुष्कळ अंशी भरून निघाला होता. आईने भोगलेल्या उपासमारीची खूण पाडसाच्या शरीरावर राहते. तो रक्ताचा दोष नव्हे.

अन्न केवळ जमिनीच्या निकृष्टपणामुळेच कमी पडते असेही नाही. खाणारी तोंडे वाढली तरी तेच घडते. कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात अँटिकोस्टी नावाचे मोठे बेट आहे. आंरी मेनिए या फ्रेंच चॉकलेट कारखानदाराने ते विकत घेतले आणि शिकारीच्या हौसेने १८९६-९७ मध्ये सुमारे २२० श्वेतपुच्छ हरणे तेथे आणून सोडली. बेटावर लांडगे नव्हते. हरणांची संख्या विसाव्या शतकात एक लाखाच्याही वर गेली. त्यांनी फर वृक्षांची रोपटी खाल्ली, फळझुडपे ओरबाडली. इतकी की त्या फळांवर जगणारी काळी अस्वले शतकाच्या अखेरीस बेटावरून जवळजवळ नाहीशी झाली. हिवाळा तेथे कडक असतो. बर्गमानच्या हिशेबाने ही हरणे थोराड असावयास हवीत. प्रत्यक्षात त्यांचे वजन दशकांमागून दशके घटत गेले.

येथे शिकाऱ्याच्या बंदुकीचा प्रश्न उपस्थित होतो. १९०० च्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेत ही हरणे फारच थोडी उरली होती. तेव्हा केवळ नर मारावा, मादीस हात लावू नये, असे कायदे अनेक राज्यांनी केले. ते त्या काळी अगत्याचे होते. पुढे हरणे वाढली, रान उजाड होऊ लागले, हिवाळ्यात पाडसे भुकेने मरू लागली. तरी मादीला अभय देण्याची शिकवण शिकाऱ्यांच्या मनातून जाईना. विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक अल्डो लिओपोल्ड यांनी माद्यांचीही मर्यादित शिकार करावी, असे आग्रहाने सांगितले. १९४३ साली तेथे तशी परवानगी मिळाली व त्या हंगामात एक लाखाहून अधिक हरणे मारली गेली. लोक खवळले. ज्या शिकाऱ्यांसाठी लिओपोल्ड बोलत होते, त्यांच्यातूनच टीकेची झोड उठली आणि पुढील वर्षी पुन्हा नरांपुरताच हंगाम ठेवण्यात आला. १९४८ मध्ये लिओपोल्ड वारले. त्यानंतर वर्षभराने विस्कॉन्सिनमध्ये माद्यांची शिकार पुन्हा सुरू झाली.

फ्लोरिडाच्या त्या बेटांवरील चिमुकल्या हरणांची कथा मात्र वेगळी आहे. हिमयुगानंतर समुद्र चढला व ती मुख्य भूमीपासून तुटली. थोडी जमीन, त्याहून थोडे गोडे पाणी आणि बारमाही ऊब यांत पिढ्यान्‌पिढ्या काढल्याने त्यांचा आकार लहान झाला. त्यांना मारण्यास १९३९ मध्ये बंदी झाली, तरी १९५० च्या सुमारास ती काही डझनच शिल्लक होती. १९५७ साली त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र स्थापन झाल्यावर संख्या हळूहळू वाढली. २०१६ मध्ये जखमेतील मांस खाणाऱ्या अळ्यांच्या साथीत शंभराहून अधिक हरणे दगावली. ती साथ पुढील वर्षी आटोक्यात आली.

अनुभवी शिकारी दोन प्रदेशांतील हरणांची तुलना करताना आधी वय विचारतो. नराचे शरीर भरण्यास चार-पाच वर्षे लागतात, म्हणून एकीकडचा दीड वर्षांचा व दुसरीकडचा पाच वर्षांचा नर तोलून प्रदेशांविषयी काही ठरविता येत नाही. वय जबड्यातील दातांच्या झिजेवरून अजमावतात. दुसरे, तोलण्याचा दिवस. माजाच्या हंगामात नर खाण्याकडे दुर्लक्ष करून माद्यांमागे धावतो व सुमारे पाचवा हिस्सा वजन गमावतो. तेव्हा हंगामाच्या आरंभी काट्यावर चढविलेला नर आणि अखेरीस चढविलेला नर, एकाच रानातले व एकाच वयाचे असूनही, सारखे भरत नाहीत.