फास्टॅगवाली मोटार, साल १९८१

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर डहाणू तालुक्यात चारोटीचा टोलनाका लागतो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून देशभर फास्टॅग सक्तीचा झाला. आता काचेवरचा टॅग रीडर वाचतो, खात्यातून पैसे कापले जातात आणि गाडी पुढे सरकते. अशा यंत्राकडून आलेले बाइट संगणकाच्या हवाली करणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात, आणि ड्रायव्हर आजही बहुतेक सी भाषेतच लिहिले जातात.

समजा, अशा एका ड्रायव्हरमध्ये प्रत्येक गाडीची नोंद एका ‘स्ट्रक्चर’मध्ये ठेवली आहे. (नाक्यावरचा खरा कोड वेगळा असणार, हा नमुना कागदावरचा.) लेनसाठी १ बाइट, वेळेसाठी ४, वाहनवर्गासाठी १ आणि टॅगच्या ९६ बिटांच्या क्रमांकासाठी १२. बेरीज १८. कंपायलरला विचारले तर तो २४ सांगतो! वरचे ६ बाइट कोणीच मागितलेले नाहीत. पण चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असली की प्रोसेसरला ती उचलणे सोपे जाते. म्हणून कंपायलर लेननंतर ३ बाइट मोकळे सोडतो आणि पुढची नोंदही नीट बसावी म्हणून शेवटी आणखी ३. हेच पॅडिंग.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर ज्यांनी सी गिरवली, त्यांना हा हिशेब चकवतो. टर्बो सीच्या जमान्यात पुस्तकाचे एका अक्षराचे नाव, किंमत आणि पाने ठेवणारे स्ट्रक्चर सरळ १, ४ आणि २ मिळून ७ बाइटांचे होई. तेच आज जीसीसी कंपायलरवर चालवले तर १२ भरते. वाढलेल्या पाच बाइटांपैकी दोन पानांचा इंट (पूर्णांक) मोठा झाल्याचे, उरलेले तीन पॅडिंगचे.

आता एक उत्साही प्रोग्रामर आपल्या नोंदीतला क्रम बदलतो: आधी वेळ, मग लेन, वर्ग, टॅग. नोंद २४ वरून २० बाइटांवर येते. पॅच इवलासा. नावे तीच, प्रकार तेच, कंपायलरची एकही तक्रार नाही. घाईतला रिव्ह्यूअर ‘छान’ म्हणून मोकळा होईल.

पण ड्रायव्हरकडून या नोंदी घेऊन हिशेब ठेवणारा प्रोग्राम जुन्या मांडणीवर कंपाइल केलेला आहे. तो वेळ शोधायला पाचव्या बाइटापाशी जातो. तिथे आता लेन क्रमांक ३ आहे, पुढे मोटारीचा वर्ग ४, आणि त्यापुढे टॅग क्रमांकाचे पहिले दोन बाइट, षोडशमान पद्धतीत ३४ आणि १६. इंटेल धाटणीचा प्रोसेसर हे चार बाइट शेवटाकडून जोडतो; उत्तर येते ३७,२५,०७,६५१. १ जानेवारी १९७० पासून इतके सेकंद मोजले की तारीख निघते २१ ऑक्टोबर १९८१. प्रोग्राम बंद पडत नाही, ओरडत नाही. मोटार १९८१ साली नाक्यावरून गेल्याची नोंद निमूटपणे करतो. बंद पडला असता तर बरे!

म्हणून जाणता रिव्ह्यूअर आधी विचारतो, हे स्ट्रक्चर ड्रायव्हरच्या बाहेर जाते का? आतल्या आत वापरायचे असेल तर क्रम खुशाल बदला. हार्डवेअर, फाइल किंवा दुसरा प्रोग्राम ते वाचत असेल, तर हात लावण्याआधी दहादा विचार. लिनक्समध्ये प्रोग्राम ड्रायव्हरला देतो त्या आयओसीटीएल आज्ञेच्या क्रमांकातच स्ट्रक्चरचा आकार गुंफलेला असतो. आकार बदलला की क्रमांक बदलतो आणि जुन्या प्रोग्रामला ‘ही आज्ञा या उपकरणाची नाही’ असे उत्तर मिळते. त्यातल्या त्यात हे बरे, निदान चूक लगेच कळते.

मोकळ्या जागेचा दुसरा धोका गळतीचा. चिकूच्या पेटीत फटी भरायला घरातली रद्दी कोंबावी आणि तिच्यात बँकेचे कागद निघून जावेत, तसा. इथरनेटच्या फ्रेममध्ये किमान ६० बाइट लागतात. मजकूर कमी पडला तर उरलेली जागा शून्यांनी भरायची. जानेवारी २००३ मध्ये ओफिर आर्किन आणि जॉश अँडरसन यांनी दाखवून दिले, की अनेक ड्रायव्हर ही जागा न पुसताच पाठवतात आणि आधीच्या पॅकेटांचे तुकडे भलत्याच्या हाती पडतात. ‘इथरलीक’ नावाने ही चूक ओळखली जाते. स्ट्रक्चरच्या पॅडिंगमधूनही असेच होते. सगळे फील्ड भरले म्हणून मधल्या फटी पुसल्या जातीलच असे नाही. त्यामुळे बाहेर जाणारे स्ट्रक्चर आधी मेमसेटने शून्य करा, हा शेरा रिव्ह्यूमध्ये हमखास पडतो.

फटी शोधायला ‘पाहोल’ नावाचे साधन आहे; कुठल्या फील्डनंतर किती बाइट रिकामे आहेत ते ओळीने दाखवते. सगळे घट्ट बांधणारा ‘पॅक्ड’ शब्दही आहे, पण त्याने काही प्रोसेसरांवर वेग घटतो, आणि अशा फील्डचा पॉइंटर घेतला तर जीसीसी नवव्या आवृत्तीपासून टोकते.

लिनक्समधली शहाणी रीत वेगळी. फट लपवायची नाही, तिला ‘राखीव’ असे नाव देऊन लिहायचे आणि बाहेरून येताना तिथे शून्य नसेल तर विनंती फेटाळायची. आपल्या नमुन्यात लेननंतरचे ३ बाइट असे राखून ठेवले, तर उद्या ट्रकच्या ॲक्सलची संख्या त्यातल्या एकात बसेल. वेळ आपल्या जागी राहील आणि नोंद २४ बाइटांचीच.