कमानीवर कोणाचं नाव?

रोह्याहून नागोठणे, वाकण, पाली, परळी, जांभूळपाडा असं करत खोपोलीकडे निघालं की खोपोली यायच्या आधी सांगडेवाडीच्या माळावर लोखंडी रुळांची वेटोळी दिसू लागतात. ही ‘नायट्रो’. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटर आणि पायाखाली तळ नाही. मागे पालीचा बल्लाळेश्वर, पुढे महडचा वरदविनायक आणि मधल्या रस्त्यावर इमॅजिका हे करमणूक उद्यान. त्यामुळे अष्टविनायकाला निघालेली बस आणि ‘राइड’ला निघालेली बस या रस्त्यावर एकामागोमाग धावताना दिसतात. रोहा, पेण, सुधागडच्या शाळांना सहलीसाठी हे ठिकाण तास-दीड तासाचं. मुंबईच्या चाकरमान्यालाही साधारण तेवढंच.

या दोन पाहुण्यांसाठी उद्यानाच्या आत काय असावं, हा या लेखाचा विषय. नेमकं सांगायचं तर, तिकीट काढून आपण एका कल्पित जगात शिरलो, की तिथे रोजच्या ओळखीच्या साखळी कंपनीचा फलक दिसावा का? बर्गरचा, पिझ्झ्याचा, कॉफीचा? रसिक मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं: नको, मोहिनी उतरते. अलीबाबाच्या गुहेतून बाहेर पडलेल्या माणसाला समोर कळंबोलीच्या नाक्यावरचाच बर्गर दिसला, तर गुहेचा पुठ्ठा उघडा पडतो. हे म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण मला ते अर्धंच पटतं. कारण ‘ओळखीचा’ म्हणजे कोणाच्या ओळखीचा, हे त्यात कोणी विचारत नाही. मुंबईकराला जो फलक पाहून कंटाळा येतो, तो सुधागडातल्या वाडीवरच्या पोराला टीव्हीत पाहिलेला असतो. त्याच्यासाठी तोही सहलीचाच भाग असतो.

आधी इतिहास बघू, कारण त्यात या रसिकतेला बराच धक्का आहे. ज्याला सगळे आदर्श मानतात ते डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात उघडलं, तेव्हा ते ब्रँडांनी गजबजलेलं होतं. वॉल्ट डिस्नी यांच्याकडे पैसा अपुरा होता. एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पाच लाख डॉलर गुंतवले आणि कर्जाला हमी दिली, तेव्हा कुठे काम मार्गी लागलं. उरलेली भर भाडेकरूंनी घातली. मुख्य रस्त्यावर बँक ऑफ अमेरिकाची खरीखुरी शाखा होती, कार्नेशनचं आइस्क्रीम पार्लर होतं, कोडॅकचं दुकान होतं, इतकंच काय, स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचं एक दुकानही होतं. फ्रिटो कंपनीने ‘कासा दे फ्रिटोज’ नावाचं मेक्सिकन थाटाचं उपाहारगृह काढलं होतं. तिथे उरलेल्या टॉर्टिया तळून विकण्यातून पुढे ‘डोरिटोज’ जन्माला आले, अशी हकीकत सांगितली जाते. म्हणजे ब्रँडने उद्यानात शिरकाव केला एवढंच नाही, एक ब्रँड उद्यानातून बाहेरही पडला. पुढे हात मोकळा झाला तसतशी डिस्नीने बरीच दुकानं स्वतःकडे घेतली. शुद्धता आली ती पैसा आल्यावर.

आपल्याकडे तर गंमत आणखी पुढची. गोराईला १९८९ साली उघडलेलं एस्सेल वर्ल्ड हे आपल्या पिढीचं पहिलं मोठं करमणूक उद्यान. त्याचं नावच मुळी कंपनीचं. टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूब बनवणाऱ्या उद्योगसमूहाने आपलं नाव उद्यानाला दिलं आणि महाराष्ट्रातल्या मुलांनी ते आनंदाने तोंडात घोळवलं. एप्रिल २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांनी खालापूर तालुक्यात जे उघडलं त्याचं नावही आरंभी ‘अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका’ होतं. अ‍ॅडलॅब्ज हे १९७८ पासून चित्रपटांच्या रिळांवर प्रक्रिया करणारं नाव. ते कमानीवर झळकत होतं आणि त्याने कोणाची मोहिनी उतरल्याचं ऐकिवात नाही.

आता आत जाऊ. इमॅजिकाच्या राइड बघा. ‘राजासॉरस’ हा पाण्यातून जाणारा प्रवास ज्या डायनोसॉरच्या नावाने आहे तो खरोखर भारतातला. गुजरातेत सापडलेल्या हाडांवरून २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असं नामकरण केलं. दुसरी राइड १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’वर बेतलेली. ‘आय फॉर इंडिया’मध्ये देशावरून उडत गेल्याचा भास. सलीमगढ आहे, अलीबाबा आहे, टबी नावाचा हत्ती आहे. कल्पक मंडळींनी विषय शोधताना बऱ्यापैकी आपल्या मुलखात मुशाफिरी केलेली दिसते.

आणि उद्यान उघडलं तेव्हा खायच्या जागांची नावं काय होती? ‘रेड बॉनेट’ हे अमेरिकन डायनर, ‘रॉबर्टोज फूड कोलिझियम’, ‘अरमाडा’. साखळी कंपन्यांचे मोठमोठे फलक न लावता उद्यानाने आपलीच उपाहारगृहं थाटली, हे तत्त्व म्हणून चांगलं. पण बाहेरचा ब्रँड दूर ठेवून त्याच्या जागी बसवलं काय, तर अमेरिकेतल्या हमरस्त्यावरच्या खानावळीची नक्कल. राइडसाठी हिंदुस्थान धुंडाळला आणि स्वयंपाकघरासाठी अमेरिका! सुधागड तालुक्याच्या वेशीवर उभं राहून लाल गाद्यांच्या बाकड्यावर बर्गर खायचा आणि त्यावर ‘इथे बाहेरचा ब्रँड नाही’ म्हणून समाधान मानायचं, यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. त्यापेक्षा खरा साखळीवाला परवडला. त्याची चव आणि किंमत निदान आधी ठाऊक असते.

किमतीचा मुद्दा मला फलकापेक्षा मोठा वाटतो. उद्यानाच्या आतलं गिऱ्हाईक हे कोंडलेलं गिऱ्हाईक. सकाळी शिरलं की संध्याकाळपर्यंत बाहेर पडणार नाही, घरचा डबा बहुधा दारावरच राहतो आणि सोबत दोन पोरं भुकेलेली. अशा गिऱ्हाइकाला काय दराने वाढायचं हे वाढणारा ठरवतो. परदेशातली मोठी उद्यानं तिकिटाइतकीच आतल्या खाण्यापिण्यावर आणि खेळण्यांवर कमावतात. आपल्याकडे अजून तिकिटाचा वाटा मोठा, कारण आपला माणूस आत गेल्यावर पाकीट जपतो. साखळी ब्रँडचा खरा उपयोग इथे होऊ शकतो. त्याचा दर चारचौघांना माहीत असतो, त्यामुळे आत दुप्पट लावला तर लगेच बोभाटा होतो. उद्यानाच्या स्वतःच्या ‘खास’ थाळीची तुलना कशाशी करणार?

कायदा या बाबतीत थोडा तुमच्या बाजूने आणि थोडा त्यांच्या बाजूने आहे. एकाच बंद पाकिटावर दोन ठिकाणांसाठी दोन वेगळ्या छापील किमती लावायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. त्याआधी मॉल, मल्टिप्लेक्स आणि विमानतळांसाठी तीच पाण्याची बाटली महाग छापून यायची. मात्र डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हॉटेल-उपाहारगृहात टेबलावर वाढलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येतं, कारण तिथे नुसती वस्तू विकली जात नाही, सेवाही असते. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने चित्रपटगृहांच्या मालकांना बाहेरचं खाणं रोखण्याचा हक्क मान्य केला, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायला सांगितलं. तो निकाल चित्रपटगृहांपुरता असला, तरी उद्यानांनी पाण्याच्या बाबतीत त्याचा आदर्श घ्यायला कोणाची हरकत नसावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोपोलीच्या उन्हात रांगेत उभं राहिलेल्याला पाण्याचा नळ हा कुठल्याही राइडपेक्षा प्रिय असतो.

फलकांच्या बाबतीत दुसऱ्या टोकाचंही उदाहरण मुंबईतच आहे. मेक्सिको सिटीत १९९९ साली सुरू झालेल्या ‘किडझानिया’ने २०१३ मध्ये घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये शाखा उघडली. तिथे मुलांचं एक छोटं शहर आहे. मुलं त्यात बँकेत, कारखान्यात, रुग्णालयात ‘नोकरी’ करतात आणि त्या जागा खऱ्या कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या असतात. तिथे ब्रँड ही खोड नाही, तोच विषय आहे. शहराची नक्कल करायची तर फलकांशिवाय शहर कसलं? माझ्या मते ते नाटक म्हणून प्रामाणिक आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला कंपनीची ओळख खेळातून करून द्यावी का, हा निराळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर माझ्यापुरतं ‘नको’ असं आहे.

मग रेघ कुठे ओढायची? आमच्या पेण-रोह्याच्या माणसाला हे परदेशातून शिकायची गरज नाही. गणेशोत्सवाचा मंडप घ्या. दहा दिवसांचं ते एक कल्पित जगच असतं. कुठे केदारनाथ, कुठे रायगडाचा महादरवाजा, कुठे चांद्रयान. त्याला पैसा लागतो आणि तो पैसा कमानीवरच्या जाहिरातीतून येतो. सोनार, बिल्डर, दुधाची कंपनी, उभ्या राहू इच्छिणाऱ्या उमेदवाराचा फोटो, सगळं कमानीवर चालतं. लोक त्याखालून निमूट जातात. पण आत, देखाव्यात आणि मूर्तीपाशी, कोणी फलक टांगला तर म्हातारी माणसंसुद्धा कार्यकर्त्यांना चार शब्द सुनावतात. पेण, हमरापूर, जोहे इथून दरवर्षी लाखोंच्या संख्येने मूर्ती बाहेर पडतात. मूर्तीच्या अंगावर कारखान्याचं नाव नसतं. नाव असतं ते बिलावर.

इमॅजिकाने हे एका बाबतीत बरोबर साधलं आहे. २०१५ मध्ये उद्यानाच्या लगत हॉटेल उघडलं ते ‘नोवोटेल’, म्हणजे १९६७ साली फ्रान्समध्ये लील शहराजवळ सुरू झालेली साखळी. माणूस रात्री झोपायला जातो तेव्हा त्याला कल्पित जग नको असतं. स्वच्छ चादर, गरम पाणी आणि खात्री हवी असते. तिथे ओळखीचं नाव शोभतं, कारण ते कमानीबाहेर आहे. वाहनतळ, एटीएम, औषधाचं दुकान यांनाही तोच न्याय. डिस्नीनेही २०१२ पासून आपल्या अमेरिकेतल्या उद्यानांत स्टारबक्सला घेतलं, पण जुन्या बेकरीच्या रूपातल्या दुकानात, आजूबाजूच्या देखाव्याला साजेसा वेष चढवून. कॉफी त्यांची, दर्शनी भाग उद्यानाचा. आत यायचं असेल तर सोंग घेऊन या, ही अट मला मान्य आहे. कोकणातल्या नमनात-दशावतारात स्टेजवर येणाऱ्याला जी अट असते, तीच.

पैशाची बाजू विसरून मात्र चालणार नाही. इमॅजिकाच्या कंपनीचे समभाग मार्च २०१५ मध्ये बाजारात आले, पण कर्जाचा बोजा उतरेना. त्यात करोनाने दारं बंद केली. अखेर २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने उद्यान ताब्यात घेतलं. लोणावळा आणि शिर्डीची जलउद्यानं, शिर्डीचं साईतीर्थ ही त्यांचीच. आता यातला विनोद पाहा. हे घराणं ज्या नावाने महाराष्ट्रात घरोघर पोहोचलं ते ‘गाय छाप’ जर्द्याचं. रोह्याच्या आसपासच्या कुठल्याही पाड्यावर जा, बर्गरची साखळी ठाऊक नसेल, पण ती पुडी ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. रायगड जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या उद्यानाच्या मालकांकडे ग्रामीण महाराष्ट्रातला सर्वात ओळखीचा ब्रँड आहे आणि २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्यामुळे त्याची जाहिरात त्यांना करता येत नाही. हे उत्तमच झालं.

ज्या गोष्टी उद्यानात बेलाशक हव्यात, त्यांना मात्र फलकच नाही. रायगडची पोपटी घ्या. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर मातीचं मडकं घेतात. तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मग बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, पुन्हा शेंगा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. तोंडाशी परत भांबुर्डी गच्च कोंबतात, मडकं उपडं ठेवतात आणि भोवती पेंढा, गवऱ्या, काटक्या रचून पेटवतात. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारून बघतात. तो चर्रकन उडाला की झालं. मडकं उलथलं की पाल्याच्या कडवट वासाबरोबर शेंगांची वाफ येते. कल्पित जगाला साजेसा याहून चांगला खेळ कोणता? आग आहे, वाट पाहणं आहे, शेवटी उलगडा आहे. शिवाय शाकाहारी मडकं वेगळं लावता येतं. जोडीला पेणचे पोहे पापड, कोकम सरबत, तांदळाची भाकरी. बनवणाऱ्या बायका सांगडेवाडीच्या आसपासच्या गावांतच आहेत आणि ज्यांच्या जमिनींच्या शेजारी हे उद्यान उभं राहिलं त्यांच्याच घरांतल्या आहेत.

तेव्हा माझा निकाल असा: साखळी ब्रँडांना कमानीबाहेर मोकळीक द्यावी. आत यायचं तर फलक उतरवून, उद्यानाच्या वेषात आणि बाहेरच्याच दराने. आतल्या स्वयंपाकघरांपैकी निदान एक तरी जिल्ह्याच्या नावाने चालावं. पोपटीचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी आणि शाळांच्या सहलीही बऱ्याचशा त्याच दिवसांत निघतात. इमॅजिकाच्या व्यवस्थापनाने या हिवाळ्यात दोन मडकी लावून पाहावीत. लाकूडफाटा आणि भांबुर्डी त्यांच्या कुंपणाबाहेरच मिळेल.