‘वाया जाणाऱ्या’ पाण्याचे मोल : ट्युनिशियाचे इश्केल सरोवर

आफ्रिका खंडाचे उत्तरेकडील शेवटचे टोक ट्युनिशिया देशात, बिझर्ट या बंदराच्या शहराजवळ आहे. तेथून नैर्ऋत्येस सुमारे 25 किलोमीटरवर इश्केल नावाचे विस्तीर्ण, उथळ सरोवर पसरले आहे. त्याच्या काठी 511 मीटर उंचीचा त्याच नावाचा डोंगर उभा आहे, पायथ्याशी उष्ण पाण्याचे झरे आहेत आणि सभोवती पाणथळ कुरणे आहेत. सरोवर, डोंगर आणि कुरणे मिळून सुमारे 12,600 हेक्टरांचे हे राष्ट्रीय उद्यान 1980 साली स्थापन झाले. त्याच वर्षी युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. उत्तर आफ्रिकेच्या किनारपट्टीवर एकेकाळी अशा गोड्या पाण्याच्या सरोवरांची मालिकाच होती. त्या मालिकेतील इश्केल हे शेवटचे उरलेले सरोवर मानले जाते.

एका वर्षात दोन स्वभाव

आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याच्या अखेरीस येतो. भूमध्य समुद्राच्या काठी तो हिवाळ्यात पडतो. त्या दिवसांत भोवतालच्या डोंगरांतून येणाऱ्या सहा नद्या इश्केलमध्ये पाणी आणतात. सरोवर तुडुंब भरते, पाणी गोडे होते, कुरणे जलमय होतात आणि जास्तीचे पाणी टिंजा नावाच्या अरुंद प्रवाहातून बिझर्टच्या खाजणात व तेथून समुद्रात जाते. उन्हाळ्यात सारे उलटे घडते. नद्या आटतात, बाष्पीभवनाने सरोवराची पातळी खाली येते आणि त्याच टिंजातून खाजणाचे खारे पाणी आत शिरते. पुढच्या हिवाळ्यातील पूर हे मीठ पुन्हा धुऊन नेतो.

या आलटून-पालटून येणाऱ्या गोड्या-खाऱ्या पाण्यावरच येथील सारी जीवसृष्टी उभी आहे. सरोवराच्या तळाशी वाढणारी पाणवनस्पती हे तरंग, लालसरी व चांदवा या पाणपक्ष्यांचे खाद्य. कुरणांतील लव्हाळ्यांचे कंद हे युरोपातून येणाऱ्या करड्या रानहंसांचे अन्न. हिवाळ्यात येथे येणाऱ्या पक्ष्यांची संख्या काही लाखांच्या घरात जात असे. रोहित पक्षी व करकोचे येथे दिसतात. पांढऱ्या डोक्याचे दुर्मीळ बदकही येथे आढळते. पाण्यात पाणमांजरे आहेत, दलदलीत म्हशींचे कळप चरतात. टिंजातून ये-जा करणाऱ्या वाम माशांचा जन्म तर दूर अटलांटिक महासागरात होतो.

धरणे आली आणि हिशेब बिघडला

ट्युनिशिया हा पाण्याची टंचाई सोसणारा देश. हिवाळ्यात समुद्राकडे वाहून जाणारे नद्यांचे पाणी अडवावे, शहरांना आणि शेतीला द्यावे, हा विचार स्वाभाविकच होता. 1980 च्या व 1990 च्या दशकांत जुमीन, गझाला आणि सेजनान या तीन नद्यांवर धरणे बांधली गेली. तहानलेल्यांना पाणी मिळाले, पण सरोवराकडे येणारे गोडे पाणी फारच थोडे उरले. त्यातच दुष्काळाची वर्षे आली. उन्हाळ्यात शिरलेले मीठ धुऊन नेण्यास हिवाळ्यात पूरच येईना. मीठ दरवर्षी साचत गेले आणि काही काळ तर सरोवर समुद्राहूनही खारट झाले.

बोरू आणि लव्हाळे वाळले. त्यांच्या जागी खाऱ्या जमिनीत तगणारी झुडपे आली. तळाची पाणवनस्पती नाहीशी झाली आणि खाद्य संपल्यावर पक्ष्यांनीही पाठ फिरवली. 1996 साली युनेस्कोने इश्केलचे नाव ‘संकटग्रस्त वारसा’ यादीत घातले.

व्यापार करणाऱ्याला हे दुखणे चटकन उमजेल. समुद्राकडे जाणारे पाणी हा वरकड नफा आहे, असे समजून ते उचलले गेले. वस्तुतः ते मुद्दल होते. सरोवरातील मीठ बाहेर नेण्याचे काम त्या ‘वाया जाणाऱ्या’ पाण्याकडेच होते.

सावरलेला तोल

पुढे सरोवराच्या वाट्याचे पाणी मान्य करण्यात आले. शेतीसाठीचा उपसा आवरला गेला, धरणांतून सरोवरासाठी पाणी सोडण्यात येऊ लागले आणि खारे पाणी अवेळी शिरू नये म्हणून टिंजावरील दरवाजांचे नियमन सुधारले. पश्चिमेकडील सिदी एल बराक धरणाचे पाणी पुरवठ्यात आल्याने तीन धरणांवरील भार हलका झाला. नव्या शतकाच्या आरंभी पाऊसही चांगला झाला. पाण्याचा खारेपणा उतरला, वनस्पती परतल्या, पाठोपाठ पक्षी आले आणि 2006 साली इश्केलचे नाव संकटग्रस्त यादीतून काढण्यात आले.

म्हणून धरण हेच वाईट, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे पक्षितीर्थ गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच आकाराला आले. तरंग आणि चांदवा तेथेही हिवाळ्यात उतरतात. प्रश्न भिंतीचा नसून, तिच्यामागचे पाणी वाटताना हिशेबात कोणाकोणाला धरले जाते, हा आहे.

इश्केलची परीक्षा संपलेली नाही. सलग दुष्काळानंतर 2023 च्या वसंतात ट्युनिशियात रात्री 9 ते पहाटे 4 या वेळेत नळाचे पाणी बंद ठेवावे लागले. घरातील घागर रिकामी असताना रानहंसांसाठी पाणी सोडा, असे म्हणणे सोपे नाही. तरीही सरोवराचा वाटा पहिल्याने कापला, तर काय होते हे त्या देशाने एकदा पाहिले आहे. आपल्याकडे सह्याद्रीच्या पश्चिमेस वाहणाऱ्या नद्यांचे पाणी समुद्रात ‘वाया जाते’, असे आपण सहज म्हणून जातो. पुढच्या वेळी तसे म्हणण्यापूर्वी, ते पाणी वाटेत कोणाचे काय काम करून जाते, एवढे तरी विचारून पाहावे.