बंबाचे आयुष्य

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातील तांब्याचा बंब मोडीच्या तराजूत चढला होता. बेळगावातील जुने कौलारू घर सोडून आम्ही सदनिकेत राहावयास जाणार होतो. नव्या जागी विजेचा गीझर होता. तेव्हा दोन वर्षे गळत असलेला हा बंब ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न पडला. वजन भरले नऊ किलो. दुकानदार पैसे मोजू लागला, तोच माझी दृष्टी बंबाच्या पोटावर कोरलेल्या अक्षरांकडे गेली. आजीचे नाव आणि खाली १९५८ हे साल. मी बंब तराजूतून उतरविला आणि एका वृद्ध तांबटमामांकडे घेऊन गेलो. त्यांनी बोटाच्या पेराने तो वरपासून खालपर्यंत वाजवून पाहिला, आत दिवा धरून न्याहाळला आणि म्हणाले, "सर, भांडं मेलेलं नाही. सांध तेवढी सुटलीय."

त्या एका वाक्याने मला विचारात पाडले. साठ-पासष्ट वर्षे रोज आगीत आणि पाण्यात उभे राहूनही हे भांडे का मेले नाही? आणि जे बंब मरतात, ते कशाने मरतात? आज आपणांशी याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

ज्यांनी बंब पेटलेला पाहिलेला नाही अशी मुले आता माझ्या वर्गात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी प्रथम त्याची रचना सांगतो. एक उभे रुंद नळकांडे आणि त्याच्या मधोमध दुसरा अरुंद नळा. दोहोंच्या मधल्या पोकळीत पाणी आणि आतल्या नळ्यात विस्तव. नळ्याच्या तळाशी लोखंडी जाळी. तिच्याखाली राख पडावयास जागा आणि वारा शिरावयास वाट. बाजूस तोटी. काही बंबांत वरच्या नसराळ्यातून गार पाणी ओतले की तेवढेच ऊन पाणी तोटीतून बाहेर येते. त्यामुळे बंब कधी रिकामा राहत नाही. ही योजना किती शहाणपणाची आहे, ते पुढे कळेल.

'बंब' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असे मानतात. त्या भाषेत 'बाँबा' म्हणजे पंप. आग विझविणारा तोही बंब आणि आग पोटात बाळगणारा तोही बंब, अशी ही गंमत आहे. आपल्या सीमाभागात याची भावंडेही आहेत. गोव्याकडच्या घरांत न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचे 'भाण' बसविलेले असे. आमच्या कन्नड शेजाऱ्यांकडे 'हंडे' असे. परंतु भाण आणि हंडा हे आगीवर बसतात. बंब मात्र आगीलाच पाण्याच्या मध्ये बसवितो. भेद आहे तो येथे. चुलीवरच्या भांड्याच्या कडेने पुष्कळशी उष्णता निसटून जाते. बंबात विस्तवाच्या चहूबाजूंस पाणीच असल्यामुळे तिला सहज पळता येत नाही. रशियातील चहाचा 'समोवार' याच तत्त्वावर चालतो. १८२९ साली स्टीफन्सन यांचे 'रॉकेट' हे आगगाडीचे इंजिन धावले, त्याच्या बाष्पकातही आगीचे धूर पाण्यातून नेणाऱ्या तांब्याच्या २५ नळ्या होत्या.

या रचनेने सरपण किती वाचते, याचा हिशेब मी मुलांना घालतो. २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयास ८०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात सुमारे ४,००० किलोकॅलरी असते. म्हणजे काहीच वाया गेले नाही, तर २०० ग्रॅम लाकडात काम भागावे. प्रत्यक्षात त्याहून अधिक लागते हे खरे. तरी चार करवंट्या आणि मूठभर ढलप्यांवर घरातील माणसांची स्नाने कशी उरकत, याचे उत्तर या हिशेबात आहे.

आता तांब्याच्या गुणांकडे वळू. तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट आणि स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीसपट उष्णता वाहून नेते. म्हणून विस्तवाची धग एका ठिकाणी साचून पत्रा जळत नाही, ती ताबडतोब पाण्यात उतरते. दुसरा गुण त्याच्या गंजाचा. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो गळून पडतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. तांब्यावर चढणारा तपकिरी थर मात्र घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. तिसरा गुण माणसाच्या हातचा आहे. तांबट लाकडी व लोखंडी हातोडीने पत्रा ठोकून आकारास आणतो, मग त्यावर बारीक खळग्यांची ओळ उठवितो. यास मठारकाम म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी याच कामासाठी प्रसिद्ध आहे. हे खळगे केवळ शोभेसाठी नसतात. ठोकल्याने तांबे कठीण होते आणि पातळ पत्राही पाण्याचे वजन पेलतो.

एवढे गुण असून बंब मरतो, तो बहुधा आपल्या हाताने. त्याचे पहिले कारण म्हणजे रिकामा बंब पेटविणे. पाणी आहे तोवर तांब्याचा पत्रा १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, मग आत विस्तव ८०० अंशांचा का असेना. पाणी संपले की हे संरक्षण संपले. जुने तांबट सांधे पितळेच्या झाळीने, टाकणखार लावून जोडीत. ती झाळ बरीच उष्णता सोसते. परंतु पुढे दुरुस्तीत अनेकदा कथील आणि शिसे यांची मऊ डाक दिलेली असते. ती १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते. शिवाय फार तापलेले तांबे पुन्हा मऊ पडते आणि मठारकामाने आलेला कठीणपणा नाहीसा होतो. आमच्या बंबाची सांध अशीच सुटली होती. कोणी तरी शेवटची बादली काढून घेतली आणि निखारे तसेच राहिले. म्हणून नियम असा की, आधी पाणी, मग काडी. आणि विझविताना आधी निखारे काढावेत, मग पाणी.

दुसरे कारण क्षारांचे. काळ्या मातीच्या भागातील कित्येक विहिरींचे पाणी जड असते. ते तापविले की त्यात विरघळलेला चुना पांढऱ्या थराच्या रूपाने नळ्यावर बसतो. हा थर तांब्याच्या मानाने शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. परिणामी सरपण वाढते, पाणी तापत नाही आणि पत्रा मात्र अकारण तापतो. यावर उपाय सोपा आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा चिंचेचे कोमट पाणी किंवा पाण्यात मिसळलेला शिरका काही तास भरून ठेवावा. बुडबुडे येऊन थर सुटू लागतो. मग स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळून काढावे. छिन्नीने थर खरवडू नये, कारण थरापेक्षा पत्रा पातळ असतो.

तिसरे कारण ओली राख. रात्रभर तळाशी राहिलेली राख हवेतील ओल शोषते. आमच्या बेळगावच्या पावसाळ्यात तर ती चिखलासारखी होते. तिने जाळी गंजते आणि तळाची सांध कुरतडली जाते. रोज राख काढावी आणि जाळी गंजली की बदलावी. जाळी हा खर्ची पडणारा भाग आहे. चौथे कारण लखलखीत करण्याचा हव्यास. चिंच-मिठाने सणावारी घासणे ठीक आहे. परंतु रोज वाळूने घासल्यास दर वेळी थोडे तांबे निघून जाते.

दुरुस्तीस देताना एक प्रश्न अवश्य विचारावा. सांध झाळणार की मऊ डाक देणार? विस्तवाजवळच्या सांध्याला झाळच हवी. आणि जुन्या डाकेत शिसे असू शकते, म्हणून बंबाचे पाणी स्नानाला वापरावे. पिण्यास किंवा स्वयंपाकास ते घेऊ नये.

ज्यांच्याकडे तांब्याच्या टाकीचे जुने विजेचे गीझर आहेत, त्यांनाही हेच नियम लागू पडतात. टाकी भरल्यावाचून बटण दाबू नये, क्षार काढवून घ्यावेत आणि दाब सोडणारी झडप मोकळी आहे ना, ते पाहावे. तांब्याच्या टाकीस लोखंडी नळ थेट जोडला, तर दोन धातूंच्या संगतीत लोखंड लवकर गंजते. मध्ये योग्य जोड घालावा. आजच्या पोलादी टाक्यांत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकी वाचविते. ती वेळेवर बदलली नाही, तर झीज टाकीवर येते.

आता शेवटची गोष्ट. ती भांड्याच्या आयुष्याची नाही, माणसाच्या आयुष्याची आहे. मी आठवीत असताना नाताळच्या सुट्टीत निपाणीस मावशीकडे गेलो होतो. पहाटे गार वारा सुटला होता, म्हणून परसातला पेटता बंब न्हाणीत आणून ठेवला आणि खिडकीला पोते लावले. मावसबहीण स्नानास गेली. बराच वेळ झाला, तरी आतून पाण्याचा आवाज येईना. हाका मारून ओ मिळेना. दार मोडले, तेव्हा ती जमिनीवर पडली होती. आत धूर नव्हता, वासही नव्हता. अंगणात मोकळ्या हवेत आणल्यावर काही वेळाने तिने डोळे उघडले. मावशी तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती, ते दृश्य मी विसरू शकत नाही.

धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहूनही अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, भोवळ येते आणि मग माणसाला दार उघडण्याचेही बळ उरत नाही. आजच्या गॅसवरील गीझरांचाही बंद न्हाणीघरात हाच धोका आहे. म्हणून बंब उघड्यावर किंवा पडवीत पेटवावा आणि न्हाणीत केवळ ऊन पाण्याची बादली न्यावी. गॅसचा गीझरही न्हाणीबाहेर बसवावा. कोणास भोवळ आल्यास त्याला प्रथम मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

आमच्या बंबाचे पुढे काय झाले, हे सांगून आपली रजा घेतो. तांबटमामांनी सांध झाळून दिली, जाळी नवी बसविली आणि तोटीही बदलली. सदनिकेत धुराला वाट नाही. म्हणून बंब मी निपाणीस नेऊन दिला. मावशीच्या परसात, पत्र्याच्या छपराखाली तो आता उभा आहे. शेजारच्या घरातील दिवाळीचे अभ्यंगस्नान आणि आमचा नाताळ या दोन्ही पहाटांना तो पेटतो. पाणी भरण्याचे आणि राख काढण्याचे काम माझ्या त्या मावसबहिणीने स्वतःकडे घेतले आहे. त्या कामात ती कोणाला हात लावू देत नाही.